सातव्या आयतीचं उदाहरण

"बिगड गई है, आपा," वैजयंतीच्या तोंडून गेलं, आणि गेलं ते गेलंच. पाणी सांडलं असतं तर फडकं घेऊन पुसलं असतं, ह्याला काय पुसायचं? दारात शेजारची मैमूना आपा उभी होती. एक हात चौकटीवर, दुसरा तिच्याकडे कुराण शिकायला येणाऱ्या तरन्नुमच्या खांद्यावर, रोज्यानं ओठ सुकलेले. आणि आत सोफ्यावर मंगला, वैजयंतीची नणंद, रावेरहून कालच आलेली, चहाचा कप हातात धरून दाराकडे टक लावून बसलेली. आपानं मागितलं होतं शेवयांचं मशीन. रमजान संपत आला की ती दरवर्षी मागायची, तिच्याकडे शिकणाऱ्या पोरी मैदा चाळून ठेवायच्या, गच्चीवर दोऱ्या बांधायच्या, आणि ईदेच्या आधी एक अख्खा दिवस त्या गच्चीवर शेवयांचे पडदे हलत असायचे. "बैजंती, मशीन देती क्या? परसों बनाते," एवढंच ती म्हणाली. एरवी ती गच्चीवरूनच मागायची. दोन गच्च्यांमधली भिंत कंबरेएवढी, मशीन अलगद पलीकडे जायचं, कुणाला दिसायचं नाही. ह्या वर्षी गुडघ्यानं दावा मांडला म्हणून बिचारी जिना टाळून रस्त्यानं आली, आणि रस्त्यानं आली म्हणून मंगलाच्या नजरेला पडली. "हाय अल्ला, कब बिगडी?" असं तिनं विचारलं ते मशीनच्याच काळजीनं. "क्या मालूम, रखे रखे," वैजयंती म्हणाली. रखे रखे! बीडाचं, ओतीव लोखंडाचं मशीन, माळ्यावर उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेलं, ते काय दूध आहे ठेवल्या ठेवल्या नासायला? पण आपा म्हणाली, "अच्छा अच्छा, कोई बात नहीं," आणि लंगडत गेली. तरन्नुमनं मात्र जाता जाता आधी मंगलाकडे पाहिलं, मग वैजयंतीकडे.

"बरं केलंस," मंगला म्हणाली. वैजयंतीला वाटलं, निदान हिनं तरी हे म्हणायला नको होतं. मंगला वाईट नव्हती. वैजयंतीचा नवरा वसंत गेला तेव्हा महिनाभर येऊन राहिली होती, आणि आता वैजयंतीच्या मुलासाठी, अक्षयसाठी, स्थळ घेऊन आली होती तीच. अक्षय इंदूरला नोकरीला, चौतिशी गाठलेला, तीन ठिकाणी जमत जमत मोडलेलं. आताशा तो फोनवर लग्नाचा विषय निघाला की "आई, ठेवतो" म्हणायचा. ह्या वेळी मुलगी, सायली, तिला त्याचा फोटो आवडला होता, तिचे घरचे रविवारी घर बघायला येणार होते, आणि त्या स्थळाची किल्ली मंगलाच्या कमरेला होती म्हणा ना. सकाळपासून मंगला तेच समजावत होती. "माणसं चांगली आहेत गं वहिनी, पण बघतात. कुणाच्या घरातून काय येतं, कुणाच्या घरात काय जातं. तुझ्या शेवया कुणाच्या गच्चीवर वाळतात, हे त्यांना कशाला कळायला पाहिजे?" आणि नेमकी तेव्हाच कडी वाजली होती. वैजयंतीनं म्हणायला हवं होतं, की अगं मंगला, ह्याच शेवयांची खीर तू आखाजीच्या सणाला दोन दोन वाट्या ओरपून गेलीस. म्हणायचं होतंच. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती कप उचलून आत गेली आणि नळाखाली एकच कप कितीतरी वेळ धूत राहिली.

मंगला दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. घर मोकळं झालं, पण वैजयंतीला मोकळं वाटेना. दुपारी ती जेवून पलंगावर आडवी झाली, आणि पलंग ज्या भिंतीला लागून होता त्या भिंतीपलीकडे आपाच्या पोरींचा सूर सुरू झाला. हा सूर तिच्या लग्नाइतका जुना. दापोऱ्याच्या केळीच्या बागांतून ती शहरातल्या ह्या मोहल्ल्यात, लोधीपुऱ्यात, सून म्हणून आली, तेव्हा पहिल्या दुपारी ह्या आवाजानं दचकली होती. "काय हो हे?" तिनं वसंताला विचारलं, तर तो म्हणाला, "शाळा आहे. तुझ्यासारखीच मास्तरीण आहे पलीकडे." आणि खरंच, पुढे कितीतरी वर्षं दोघींच्या वाट्याला पोरी त्याच. सकाळी वैजयंतीच्या वर्गात भूगोल, दुपारी आपाच्या सतरंजीवर कुराणाचा सिपारा. पोरींना डुलत डुलत पाठ करायची इतकी सवय, की वर्गातसुद्धा "नर्मदा और ताप्ती पश्चिम को बहती हैं" म्हणताना अख्खी रांग मागंपुढं डुलायची. वैजयंती आधी ओरडायची, मग तिच्या लक्षात आलं की डुलणाऱ्या पोरीचं पाठांतर पक्कं असतं. तेव्हापासून तिनं डुलू दिलं. वसंत हसायचा, म्हणायचा, "एक दिवस तूच डुलायला लागशील." आणि लागलीच की ती. कणीक मळताना तिच्या ओठांवर कुराणाच्या शेवटच्या पाऱ्यातल्या छोट्या छोट्या सूरती, म्हणजे अध्याय, यायच्या, अर्थ ठाऊक नाही, चाल पक्की. एकदा देवासमोर दिवा लावताना भलतीच चाल लागली, आणि वसंत पेपरमागून म्हणाला, "देवाला दोन्ही कळतं, चालू दे." असला माणूस. तो असता तर काल दारात तोच उठून गेला असता, मशीन काढून आपाच्या घरात ठेवून आला असता, आणि मंगलाला म्हणाला असता, "तुझा चहा निवला बघ."

अर्थ विचारला तो तिनंच, पुष्कळ वर्षांपूर्वी, गच्चीवर, पापड वाळत घालताना. मास्तरणीला राहवत नाही ना, नुसतं पाठांतर पाठांतर म्हणजे काय? "आपा, वो जो माऊन माऊन आता है आखिर में, वो क्या है?" आपाला केवढा आनंद झाला होता! पदर सावरून भिंतीला टेकली आणि पोरीला शिकवावं तसं सांगितलं. सूरह माऊन, सात आयती म्हणजे सात वचनं, इवलीशी सूरत. आधी विचारलंय, की हिशेबाच्या दिवसाला खोटं म्हणणारा माणूस पाहिलास का? तो कसा ओळखायचा? तर अनाथाला धक्के देतो, भुकेल्याला जेवू घाला म्हणून कुणाला सांगत नाही. मग म्हटलंय, की बरबादी आहे त्या नमाजींची, जे नमाजातसुद्धा बेफिकीर. जे करतात ते लोकांना दाखवायला. आणि सातवी आयत, वापरायची साधी चीज मागितली तर नाही म्हणतात. "माऊन यानी वोच," आपा म्हणाली. "कुछ बुजुर्ग बोलते जकात, हर साल का दान. कुछ बोलते नहीं, घर की छोटी छोटी चीजें. हंडी, डोल, कुल्हाडी, सुई, नमक. पडोसी मांगे और लौटा दे, ऐसी. मैं बच्चियों को दोनों बताती. पर बच्ची को जकात क्या समझती? हंडी समझती." वैजयंतीला हे फार पटलं होतं. एवढ्या मोठ्या पापांच्या रांगेत, अनाथाला ढकलण्याच्या शेजारी, एक हंडी नाकारणं बसवलंय म्हणजे काय! तिनं विचारलं, "मग पोरींना उदाहरण काय देता?" आणि आपा हसून म्हणाली, "तेरी सेवई की मशीन. और क्या दूंगी?"

तेव्हापासून ते उदाहरण. वैजयंती स्वतः मास्तरीण, तिला ठाऊक होतं की चांगलं उदाहरण एकदा सापडलं की शिकवणारा ते सोडत नाही. ती स्वतः पश्चिमवाहिनी नदीला घाटावरच्या तापीचंच उदाहरण द्यायची, "नाव सोडा पाण्यात, बघा कुठे जाते". तशी आपाची सातवी आयत. "माऊन माने?" असं ती विचारायची, आणि भिंतीपलीकडून साऱ्या पोरी एका दमात ओरडायच्या, "सेवई की मशीन!" दरवर्षी नव्या पोरी, ओरडणं तेच. वैजयंती पलंगावर पडल्या पडल्या गालात हसायची. गंमत वाटायची, आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटायचं. आपलं नाव कुठे लिहिलेलं नाही, पण आपलं मशीन तिथं जाऊन बसलंय. आपाही ते कधी रिकामं परत करायची नाही. धुऊन, पुसून, तेल देऊन, वर शेवयांची एक जुडी ठेवून द्यायची. रिकामं भांडं शेजारणीला देऊ नये, हे काय एकाच धर्मात लिहिलंय?

आज सूर चढत चढत तिथंच येत होता. वैजयंतीला कळत होतं. चोराच्या मनात चांदणं, तसं तिला वाटलं की आपा मुद्दाम आज हीच सूरत काढतेय, भिंतीला ऐकवायला. पण तसं नव्हतं. ईदेच्या आधी आपा सगळ्या छोट्या सूरती एकदा फिरवून घ्यायची, आज ह्या सूरतीची पाळी होती, बस. उठून बाहेरच्या खोलीत जावं असं वाटलं, पण ती उठली नाही. सहावी आयत आली, ती दाखवण्याची. वैजयंतीनं आजवर ह्या आयतीकडे कधी लक्षच दिलं नव्हतं, तिचं सगळं लक्ष सातवीकडे, आपल्या मशीनकडे. आज ती कानात रुतली. लोक दाखवायला दान करतात हे माहीत होतं. दाखवायला नाकारतात हेही त्यातच बसत असेल का? हे तिला आपालाच विचारावंसं वाटलं, दुसरं कोण सांगणार? आणि ते विचारायचं तोंड तर कालच घालवून बसलो. पलीकडे आपानं विचारलं, "माऊन माने?" पोरी ओरडल्या, "सेवई की मशीन!" आणि लगेच एक आवाज सुटा पडला, तरन्नुमचाच, "पर आपा, टीचर ने तो मना किया ना." "मना नहीं किया," आपा म्हणाली. "मशीन बिगडी है. जो चीज चलतीच नहीं, उसको कोई कैसे देगा? वो मना में नहीं आता." तरन्नुम म्हणाली, "झूठ भी तो बोल सकते. मैंने देखा ना, वो दूसरी आंटी बैठी थी." मग आपाचा आवाज आला, वैजयंतीनं इतक्या वर्षांत न ऐकलेला. "बैजंती झूठ नहीं बोलती. कान पकड. पकड कान! चल, आगे पढ."

वैजयंती उठून बसली. कान त्या पोरीनं धरले असतील पलीकडे, आणि पोरगी खरी होती. आता जावं, आत्ता, मशीन काखेत मारून सरळ रस्त्यानं जावं, म्हणावं, आपा, पोरीचे कान सोडा. साडी नीट करत ती उभीसुद्धा राहिली. पण मग सगळ्या पोरींसमोर? आपण ज्यांना शिकवलं त्यांच्या पोरी ह्या! आणि आपाचा शब्द त्याच पोरींसमोर खोटा पाडायचा? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती पुन्हा बसली. पोरी पांगल्यावर जाऊ, असं तिनं ठरवलं. एकटीला गाठून सांगू.

पोरी पांगल्या, आणि दार वाजलं. बघते तर दाराबाहेरच्या ओट्यावर लीलाधर मिस्त्री, हातात हत्यारांची पिशवी. पावरलूम दुरुस्त करत हा माणूस सगळा लोधीपुरा फिरायचा. "काकी, आपानं धाडलं. बोली टीचरची मशीन बिगडली, ईदेच्या आधी बनवून दे. दाखवा." आता घ्या! शेजारणीनं खोटं सांगितलं, तर तिनं त्या खोट्याला मिस्त्री लावून दिला. "थांब, काढते," वैजयंती म्हणाली आणि आत आली. खरं तर अगदी सोपं होतं. अरे, नुसतं अडकलं होतं, मी हलवलं आणि सुटलं, ने आपाकडे, असं म्हणायचं. एक छोटं खोटं मोठ्या खोट्याच्या डोक्यावर ठेवलं की झालं, सगळ्यांचं सगळं राहिलं असतं. हे तिला सुचलंसुद्धा. पण स्टुलावर चढून माळ्यावरून मशीन काढताना तिच्या मनात तरन्नुम येऊन उभी राहिली, दारातून मागं वळून बघणारी. ठणठणीत मशीन पलीकडे गेलं की ती पोरगी काही बोलणार नाही, नुसती आपाकडे बघेल. आणि आपाला कळेल. नाही, आपाचा शब्द खरा व्हायला पाहिजे, असं वैजयंतीला वाटलं. म्हणे आपाचा! माणसाला स्वतःची कातडी वाचवायची असली की दुसऱ्याचा शब्द किती प्यारा होतो.

अभ्रा सोडला. आत मशीन तेलानं चकचकीत, मागच्या वर्षीच्या आपाच्या हातचं. मूठ धरून फिरवली तर लोण्यासारखी फिरली. एक स्क्रू ढिला करायचा, एवढंच तिच्या मनात होतं. ढिला केला की लीलाधर आवळेल, आणि सगळं सरळ होईल. सुरीच्या टोकानं बघितलं, फिरेना. उलथन्यानं बघितलं. बाहेरून लीलाधर म्हणाला, "काकी, मी येऊ काय?" "नको नको, आलेच," म्हणत तिनं खलातला बत्ता उचलला आणि स्क्रूवर मारला, आवाज होऊ नये म्हणून अभ्रा मध्ये धरून. एकदा मारला, काही नाही. दुसऱ्यांदा मारला तेव्हा हातात काहीतरी वेगळंच लागलं. मूठ बसते तो कान मुळापासून तुटून अभ्र्यात पडला होता. तिनं तो उचलला आणि परत जागेवर लावून पाहिला, लहान मूल लावतं तसा. मग तसंच सगळं घेऊन बाहेर गेली. लीलाधरनं तुकडा हातात घेतला. "पडली काय?" "हो, पडली." "हे बीड आहे काकी. ह्याला वेल्डिंग धरत नाही. धरलं तरी मूठ फिरवली की पुन्हा जाईल." तो मशीन खाली ठेवत म्हणाला, "जुनी होती. आता असली येत बी नाही." त्यानं पिशवी उचलली आणि आपाला सांगायला पलीकडे गेला. वैजयंती ओट्यावरच उभी राहिली, म्हणून तिला ऐकू आलं. लीलाधरचं बोलणं नाही, आपाचंच. "देखी? टूटी है ना? वो तरन्नुम आने दे कल! मैं बोली थी कि नहीं, बैजंती झूठ नहीं बोलती." आवाजात एवढा आनंद होता की वैजयंतीनं घाईघाईनं आत येऊन दार लावून घेतलं.

उन्हं उतरली तेव्हा गच्चीवरून हाक आली, "बैजंती! ओ बैजंती!" ती वर गेली. भिंतीपलीकडे आपा उभी, धापा टाकत, एक हात गुडघ्यावर. दिवसभराचा रोजा, आणि त्या गुडघ्यानं जिना चढून आली होती. मागे दोऱ्या बांधलेल्या होत्या, रिकाम्या. "बुरा मत मान," आपा म्हणाली. "लीलाधर बोला मेरे कू. वसंतभाई की लाई हुई थी ना? जलगाँव से लाए थे, मेरे कू याद है. पहली सेवई अपन दोनों ने निकाली थी." वैजयंतीला हे आठवलं नव्हतं. काल आठवलं नाही, आज बत्ता मारतानाही नाही, आणि आता सगळंच आठवलं. वसंत मूठ फिरवतोय, दोघी खाली ताट धरून बसल्यात, शेवया तुटताहेत आणि तिघं हसताहेत. तिला रडू फुटलं. आपानं भिंतीवरून हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला. "रो मत. चीज है, जाती. मैं बाजार से मंगा लूंगी सेवई, तेरे कू भी कटोरा भेजूंगी." वैजयंती म्हणाली, "आपा, मैंने..." आणि थांबली. तो हात डोक्यावर होता, आणि पुढचा शब्द काढला तर तो उचलला जाणार होता. फक्त एवढंच. एवढ्यासाठी ती थांबली. "तूने क्या?" आपानं विचारलं. "मैंने संभाल के नहीं रखी." "हट पगली," आपा म्हणाली. मशिदीतून अजान झाली. "चल, रोजा खोलती मैं," म्हणून आपा वळली, आणि जिन्याच्या एकेका पायरीवर तिचा पाय टेकल्याचा आवाज वैजयंती उभ्या उभ्या ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलाचा फोन आला. रविवारचं पक्कं झालं होतं, सायलीचे आई-वडील दोघंही येणार होते. वैजयंती "बरं बरं" म्हणाली, साखर आणायची आठवण लिहून ठेवली, अक्षयला फोन केला, तो चक्क हसून बोलला. तिला आनंद झाला, खरंच झाला. मशीन अभ्र्यात बांधून तिनं परत माळ्यावर टाकलं, तुटका कान त्यातच. दुपारी ती भिंतीकडे गेली नाही, स्वयंपाकघरात बसली, पण सूर तिथंही आला. पोरी कालचंच पुन्हा म्हणत होत्या. सगळ्यांत वर तरन्नुमचा आवाज होता, मोठा, स्वच्छ, बहुतेक कालची चूक भरून काढायला. पाचवी झाली, सहावी झाली. आपा आता दुसरं उदाहरण देईल, असं वैजयंतीला वाटलं. हंडीचं देईल, मिठाचं देईल, देवा, मिठाचं देऊ दे. "माऊन माने?" आपानं विचारलं. वैजयंती झटकन उठली आणि ओट्यावरचा मिक्सर लावला, बटण शेवटपर्यंत फिरवून, झाकणावर दोन्ही हात दाबून उभी राहिली. भांड्यात वाटायला काही नव्हतं.